ताइशा की नादारे : कोपऱ्यातली पहिली अवघड वाट कोणती निवडावी?

होशीवर (कोपऱ्यातल्या 4-4 बिंदूवर) सोंगटी ठेवून साधे जोसेकी, म्हणजे कोपऱ्यातल्या ठरलेल्या खेळ्यांच्या मालिका, खेळण्याचा टप्पा ओलांडला की गो हा काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा पटावरचा खेळ खेळणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न येतो. समोरच्याला विचारात पाडणारी कोपऱ्यातली एखादी अवघड मालिका नीट शिकावीशी वाटते, आणि सगळ्या शिकण्याइतका वेळ नोकरी-संसार असलेल्या माणसाजवळ नसतो. ताइशा आणि नादारे या अशाच दोन मालिका. मी ताइशापासून सुरुवात केली, सुमारे वर्षभर ती खेळलो आणि मग नादारेकडे वळलो. त्यामुळे पुढील मजकूर पूर्णपणे तटस्थ आहे, असे मी म्हणणार नाही.

सोलापुरात समोरासमोर बसून गो खेळणारी माणसे मला आजवर दोनच भेटली. त्यांपैकी बँकेतून निवृत्त झालेले एक काका रविवारी सकाळी सात रस्त्याजवळच्या माझ्या घरी येतात. उन्हाळ्यात आम्ही साडेसहालाच पट मांडतो, कारण नऊनंतर गच्चीलगतच्या त्या खोलीत बसवत नाही. पट जाड सुती कापडाचा आहे; पूर्व भागातल्या एका विणकर मित्राने त्यावर एकोणीस-एकोणीस रेघा छापून दिल्या. हे सांगण्याचे कारण असे की माझा निष्कर्ष बहुतांशी याच पटावरच्या डावांतून आलेला आहे.

ताइशाचे आकर्षण मला आजही समजते. मोकुहाझुशीवर (कोपऱ्यातल्या 3-5 बिंदूवर) आपली सोंगटी असावी, समोरच्याने कोमोकूवर (3-4 बिंदूवर) शिरावे आणि आपण ती मोठी तिरपी खेळी करावी, की पुढच्या पाच-सात खेळ्यांत पट पेटतो. हिच्या हजार फाट्यांची ख्याती खोटी नाही. समोरच्याने साधे उत्तर देऊन गुंतागुंत टाळली, तरी आपले फारसे बिघडत नाही. आणि तो अर्धवट तयारीने आत शिरला, तर डाव तिथेच आपल्या बाजूला झुकतो.

नादारेची सुरुवात समोरच्याच्या कोपऱ्यात होते. त्याच्या कोमोकूला आपण वरून, एक घर सोडून भिडतो, तो खालून चिकटतो आणि आपण हाने (त्याच्या सोंगटीला वळसा घालणारी खेळी) न खेळता सरळ ढकलतो. हिमकडा कोसळल्यासारख्या सोंगट्या एकमेकींवर येतात, म्हणून हे नाव. मोठ्या नादारेत बाहेरच्या बाजूला वळणे हीच मान्य रीत होती. 1957 मध्ये नामवंत व्यावसायिक खेळाडू गो सेइगेन यांनी आत वळून दाखवले आणि पक्की मानलेली मालिका पुन्हा खुली झाली. ही घटना वाचल्यापासून नादारेबद्दल मला वेगळीच आपुलकी वाटते, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

पाठांतराचे ओझे दोन्हीकडे आहे. ‘जोसेकी पाठ केला आणि दोन सोंगट्यांनी कच्चा झालो’ ही जपानी म्हण दोन्हींना सारखीच लागू पडते. व्यावसायिक डावांत अल्फागो या गो खेळणाऱ्या संगणक-प्रणालीनंतर होशीखाली लवकर सान-सानला (3-3 बिंदूवर) शिरण्याची पद्धत इतकी रुळली आहे की या जुन्या मालिका क्वचितच दिसतात. पण आपल्या पातळीवर तो निकष फारसा महत्त्वाचा नाही, असे मला वाटते.

माझा निर्णय ज्या एका त्रासामुळे झाला तो म्हणजे शिडी, अर्थात प्रत्येक खेळीला पकडण्याची धमकी देत पळत्या सोंगट्यांचा केलेला नागमोडी पाठलाग; वाटेत पळणाऱ्याची सोंगटी असली की तो निसटतो. ताइशाच्या महत्त्वाच्या फाट्यांत कुठे ना कुठे शिडी मोजावी लागते, आणि कोपऱ्यातून निघालेली शिडी तिरपी धावत समोरच्या कोपऱ्याकडे जाते. काका पांढऱ्या सोंगट्या घेऊन बसले की माझ्या मोकुहाझुशीच्या बरोबर तिरप्या कोपऱ्यात, होशीवर, पहिली सोंगटी ठेवतात. त्यामागे काही डावपेच नाही, ती त्यांची सवयच आहे. परिणाम मात्र असा झाला की मला हवी असलेली शिडी डावामागून डाव त्या एका सोंगटीवर जाऊन आदळत राहिली. एकदा मी ती मोजलीच नाही आणि आतारी (पुढच्या खेळीत पकडण्याची धमकी) देत पटाच्या मध्यापर्यंत गेलो. काका शांतपणे म्हणाले, “अहो, पलीकडे बघितलंत का?” माझी ती सगळी फळी फुटली. त्यानंतर ताइशा सुरू करण्याआधीच मी शिडी पाहू लागलो, आणि बहुतेक वेळा मोकुहाझुशीवर सोंगटी असूनही ती खेळी टाळून काहीतरी साधेच खेळू लागलो. जी मालिका शिकण्यात महिने घातले, ती हातात असून वापरता येत नाही, याचा मला मनापासून त्रास झाला.

शिडी नादारेतही येते. तिथे ती नसतेच असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. फरक आहे तो मांडणीत. माझे दोन कोपरे एका बाजूला आणि त्यांचे दोन समोर, अशी नेहमीची मांडणी असेल, तर त्यांच्या कोपऱ्यातून निघालेली शिडी तिरपी धावत माझ्या कोपऱ्याकडे येते. मी पाठलाग करीत असेन किंवा पळत असेन, तिच्या वाटेवर बहुधा माझीच सोंगटी उभी असते. माझ्या कोपऱ्यात सुरू होणाऱ्या ताइशाची शिडी याच मांडणीत त्यांच्या घरी जाते. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला वर्ष लागले. तेव्हापासून काकांचा दुसरा कोपरा कोमोकूचा असला की मी निर्धास्तपणे वरून भिडतो, आणि गेल्या पावसाळ्यापासून अवघड मालिकेत शिडीपायी हरलेला डाव मला आठवत नाही. हे मोजमाप नव्हे, माझा अनुभव आहे. दुसऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर तो वेगळाही येऊ शकेल.

नादारेत एक उणीव आहे, ती सांगायलाच हवी. समोरच्याने खालून न चिकटता दुसरे काही खेळले, तर ती सुरूच होत नाही. काका चिकटतात, आमच्यातल्या दुसऱ्या, तरुण खेळाडूने मात्र दोन डावांनंतर चिकटणे सोडून दिले. ज्यांना समोरासमोरचे दोन तिरपे कोपरे घेऊन खेळण्याची सवय आहे, त्यांच्याबाबत तर माझा सगळा हिशोब उलटतो: त्यांच्या कोपऱ्यातली शिडी त्यांच्याच दुसऱ्या सोंगटीकडे धावते आणि ताइशा त्यांना कदाचित अधिक लाभेल. बाकीच्यांनी छोट्या नादारेपासून सुरुवात करावी, असे मी सुचवीन. मोठीचा आतला वळसा काकांसमोर मी स्वतः अजून तीनदाच खेळलो आहे.