दापोलीच्या बाजारपेठेतलं चष्म्याचं दुकान : मापाला पूर्ण गुण, फ्रेमच्या सल्ल्याला अर्धेच

चष्म्याचं दुकान भिंतीवरच्या फ्रेम बघून पारखू नये. चष्मा बनायला जाण्याआधी दुकानदार कितीदा आणि कशी मापं घेतो, ते बघावं. दापोलीच्या बाजारपेठेतल्या या लहानशा दुकानात मापावर वेळ घालवतात. किनाऱ्यावरच्या हर्णै, आंजर्ल्याची माणसं इथपर्यंत येतात ती त्यासाठीच.

जागा अरुंद. म्हणून उलट्या अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे आणि समोर तीन मीटरवर आरसा. जाऊन-येऊन सहा मीटर अंतर बरोबर भरतं. कॉम्प्युटरवर नंबर काढतात, पण तिथे थांबत नाहीत. मशिनमध्ये डोकावताना तरुण डोळा नकळत जवळचं बघण्याचा ताण घेतो आणि मायनस नंबर जास्त दाखवला जातो. इथे काचा बदलता येणारी ट्रायल फ्रेम चढवून, "हे बरं की आधीचं?" असं विचारत पाव-पाव नंबराने काच बदलतात. सिलिंडरचा, म्हणजे तिरप्या नंबराचा, अक्षही हाताने फिरवून पक्का करतात. अक्ष १० अंशांनी चुकला की त्या नंबराचा साधारण तिसरा हिस्सा फुकट जातो, ३० अंशांनी चुकला की सगळाच. लहान मुलांचा नंबर मात्र इथे काढू नये; तो डॉक्टरकडे थेंब घालूनच काढायचा असतो, आणि दुकानदार स्वतःच तसं सांगून परत पाठवतात.

मग बाहुल्यांमधलं अंतर. पट्टी नाकावर टेकवून प्रत्येक डोळ्याचं माप वेगळं घेतात, कारण उजवा ३१ मिलिमीटर आणि डावा ३३ असं सर्रास असतं. बारीक नंबराला हा फरक धरला नाही तरी खपून जातं. पण मायनस ५ च्या काचेचा मध्य ४ मिलिमीटर सरकला तर डोळ्याला २ प्रिझमचा (प्रकाश वळवण्याचं माप) ओढा बसतो आणि संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकायला लागतं. प्रोग्रेसिव्ह काच (लांबपासून जवळपर्यंतचे नंबर एकाच काचेत, मधे रेघ नाही) असेल तर आधी फ्रेम नाकावर नीट बसवतात, दांड्या कानामागे वाकवतात आणि मगच डेमो काचेवर बाहुलीसमोर मार्करने ठिपका देतात. पुष्कळ ठिकाणी हा क्रम उलटा होतो. फ्रेम नंतर खाली घसरते, वाचायचा भाग आणखी खाली जातो आणि माणूस हनुवटी वर करून पेपर वाचत बसतो.

बोटीवर जाणाऱ्यांना बायफोकल (वर लांबचा, खाली जवळचा नंबर) गळ्यात मारत नाहीत, याचं विशेष कौतुक. फळीवरून उतरताना नजर काचेच्या खालच्या भागातून जाते, तिथे जवळचा नंबर असतो, आणि पायाखालचं धूसर दिसतं. त्यापेक्षा लांबचा वेगळा आणि जाळं शिवायला वेगळा चष्मा बरा. जाळ्याच्या चष्म्याचा हिशोबही निराळा आहे. साठीच्या पुढे डोळ्याची स्वतःची जवळ बघायची ताकद जवळजवळ संपलेली असते, तेव्हा ४० सेंटिमीटरवर वाचायला लांबच्या नंबरात प्लस २.५० मिळवावे लागतात, पण ५० सेंटिमीटरवरच्या जाळ्याला २.०० पुरतात. पोथीचा नंबर जाळ्याला दिला तर माणूस वाकून वाकून मान दुखवून घेतो. म्हणून इथे काम किती अंतरावर करता हे हात धरून दाखवायला लावतात.

आता उणं. समुद्राजवळच्या गावात स्वस्त धातूच्या फ्रेम खपवणं बरोबर नाही. खाऱ्या हवेत बिजागरीचा स्क्रू गंजून घट्ट बसतो, नाकाच्या पॅडजवळ हिरवट थर चढतो. किनाऱ्यावर राहणाऱ्याने टीआर-९० (लवचिक प्लास्टिक) किंवा टायटॅनियम मागावं. हे गिऱ्हाइकाने न विचारता सांगायला हवं, ते सांगत नाहीत. काच कशी पुसावी हेही नाही. मिठाचे कण सुके असताना सदऱ्याच्या टोकाने पुसलं की कोटिंगवर ओरखडे उठतात. आधी गोड्या पाण्याची धार, मग भांडी घासायच्या साबणाचा थेंब, मग मऊ फडकं. चष्मा उन्हातल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला तर उष्णतेने कोटिंगला बारीक चिरा पडतात.

ब्ल्यू कटचा, म्हणजे निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेचा, आग्रह तर नक्कीच टाळा. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात अशा काचांनी स्क्रीनवरच्या कामाचा थकवा कमी होत असल्याचं आढळलेलं नाही. ते पैसे यूव्ही ४०० (अतिनील किरण अडवणाऱ्या) गॉगलवर घाला. कडक ऊन, वारा आणि पाण्यावरची चकाकी यांनी डोळ्यात मांस वाढतं, त्याला तो खरा आडोसा. पोलराइज्ड काच चकाकी छान मारते, मात्र बोटीवरचा स्क्रीन काही कोनांतून काळा दिसतो, तो दुकानातच मोबाइल फिरवून बघून घ्या. चिरेखाणीवर काम असेल तर पॉलिकार्बोनेटची, बाजू झाकणारी काचच घ्यावी.

साखरेचा आजार आहे का, हे इथे आधी विचारतात. साखर चढलेली असताना काढलेला नंबर ती उतरल्यावर टिकत नाही, म्हणून काही आठवडे थांबायला लावतात. आजीला अचानक चष्म्याशिवाय पोथी वाचता येऊ लागली तर घरचे खूश होतात. इथे त्यांना मोतीबिंदू तपासायला पाठवतात, कारण भिंग दाट होताना मायनस नंबर वाढतो आणि जवळचं काही काळ स्पष्ट दिसतं.

पण नंबर तपासला म्हणजे डोळे तपासले असं नव्हे. इथे डोळ्याचा दाब मोजायचं यंत्र नाही, पडदाही बघत नाहीत. काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही, कडेची नजर आधी खातो आणि तक्त्यावर ६/६ वाचणाऱ्यालाही तो असू शकतो. चाळिशीनंतर आणि घरात कुणाला काचबिंदू असेल तर नेत्रतज्ज्ञाकडून दाब आणि मागची नस बघून घ्याच. मधुमेह असेल तर दरवर्षी पडदाही. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनंतर चार-सहा तास धूसर दिसतं, तेव्हा दुचाकी स्वतः चालवत जाऊ नका.

मासेमारी बंदीच्या काळात, १ जून ते ३१ जुलै, बोटवाल्यांनी हे काम उरकावं. जाताना जुना चष्मा न्या. कागदावर नंबरासोबत दोन्ही डोळ्यांचं वेगळं अंतर लिहून मागा. तयार चष्मा घेताना लेन्समीटरवर (काचेचा नंबर मोजायचं यंत्र) नंबर आणि अक्ष दाखवायला सांगा. इथे कपाळाला आठी न घालता दाखवतात.