आठ आठवड्यांचा वेदना-व्यवस्थापन वर्ग: धर्म सोडलेल्यांच्या कितपत कामाचा?

तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं किंवा पुन्हा पुन्हा उलटणारं दुखणं म्हणजे जुनाट दुखणं, अशी डॉक्टरी व्याख्या आहे. गोळ्या, इंजेक्शनं, पट्टे, मलमं सगळं करून झालं की पेन क्लिनिकवाले शेवटी एक गोष्ट पुढे करतात: वेदना-व्यवस्थापनाचा गटवर्ग. आठवड्यातून एकदा, दोन-अडीच तास, साधारण आठ ते बारा आठवडे. गटात दहाएक माणसं, शिकवायला फिजिओथेरपिस्ट आणि मानसतज्ज्ञ, अधूनमधून डॉक्टर किंवा नर्स. हे परीक्षण त्या वर्गाचं आहे, पण एका ठरावीक गिऱ्हाइकाच्या बाजूनं: ज्यानं दुखणं अंगावर असताना धर्मही सोडलाय. वर्गाच्या जोडीनं लोक ज्या वस्तू घेतात, म्हणजे टेन्स मशीन (त्वचेवरून सौम्य वीज देणारं), श्वासाचं अ‍ॅप, ध्यानाची रेकॉर्डिंग आणि वेदनेची डायरी, त्यांचाही हिशेब शेवटी आहे.

या गिऱ्हाइकाची गरज वेगळी का? कारण धर्म दुखण्यावर खरंच काही काम करत असतो. २००८ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १२ कॅथलिक आणि १२ नास्तिक-अज्ञेयवादी माणसांना विजेचे चटके दिले. समोर एकदा मेरीचं चित्र, एकदा धार्मिक नसलेलं चित्र. मेरीकडे बघताना कॅथलिकांना चटका कमी जाणवला, आणि त्या वेळी मेंदूचा जो भाग जास्त चालला तो एखाद्या गोष्टीचा अर्थ नव्यानं लावताना कामी येणारा. त्याआधी २००१ साली रोझरी (कॅथलिकांची माळेवरची प्रार्थना) आणि योगातला मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला गेला होता. दोन्हींत तो आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येत होता. म्हणजे अर्थ मिळत होता, संथ श्वास मिळत होता, दिवसाला वेळापत्रक होतं आणि बसाय-उठायला माणसं होती. धर्म सोडताना ही चारही एकदम जातात. कंबर मात्र तिथंच असते.

या वर्गाची सर्वांत मोलाची गोष्ट वेळापत्रकाची आहे, आणि नेमकी तीच लोक बालिश समजून टाळतात. शिकवणारे तिला पेसिंग म्हणतात. चालणं घ्या. तीन वेगवेगळ्या दिवशी, त्यातला एक तरी वाईट दिवस, दुखणं स्पष्ट वाढेपर्यंत किती मिनिटं चालता येतं ते घड्याळ लावून मोजायचं. समजा १०, ६ आणि ८ मिनिटं आली. सरासरी ८. त्यातून पाचवा हिस्सा वजा केला की साडेसहाच्या आत, म्हणजे ६ मिनिटं. हा पाया. रोज ६ मिनिटं चालायचं, टायमर वाजला की थांबायचं. दुखत नसलं तरी थांबायचं आणि थोडं दुखत असलं तरी ६ पूर्ण करायची. आठवडाभर जमलं की दहा टक्क्यांच्या आसपास वाढ, म्हणजे अर्धं-पाऊण मिनिट. बसणं, उभं राहणं, टाइप करणं, भांडी घासणं, सगळ्याला हेच गणित. यामागची कल्पना विल्बर्ट फोर्डाइस या अमेरिकन मानसतज्ज्ञाची, १९७० च्या दशकातली: कधी थांबायचं हे दुखण्यानं नाही, घड्याळानं ठरवायचं.

बिघडतं ते चांगल्या दिवशी. सकाळी बरं वाटतं, म्हणून आठवड्याची साचलेली कामं एका दमात उरकली जातात आणि पुढचे तीन दिवस पलंगावर. धर्मात वाढलेल्यांच्या बाबतीत याला एक जादा पदर असतो, आणि तो वर्गात क्वचितच बोलला जातो. सोसणं ही साधना, विश्रांती म्हणजे आळस, अशी शिकवण हाडात मुरलेली असते. देव गेला तरी ही शिकवण जात नाही. सहाव्या मिनिटाला टायमर वाजतो तेव्हा ‘एवढ्यात थांबायचं?’ असं विचारणारा आवाज तिचाच. सुरुवातीलाच फिजिओला हे सांगून ठेवावं. चांगला फिजिओ मग ‘किती केलं’ याच्याइतकंच ‘वेळेवर थांबलात का’ हेही विचारतो आणि वहीत त्याचीही खूण करायला लावतो.

दुसरी जमेची बाजू म्हणजे पहिल्या एक-दोन सत्रांतलं शरीरशास्त्र. मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ साली मांडलं की मज्जारज्जूत एक प्रकारचं फाटक असतं, ते वेदनेचे संदेश कमी-जास्त वर सोडतं, आणि मेंदूकडून येणाऱ्या सूचनाही ते उघडतात-मिटतात. पुढे कळलं की दुखणं लांबलं की मज्जासंस्थेचा आवाजच वर जातो: इजा भरून आलेली असते, पण धोक्याची घंटा हलक्या धक्क्यानंही वाजते. झोप मोडणं, घरात अबोला, जुनी माणसं तुटणं यानं ती आणखी हळवी होते. धर्म सोडल्यानंतरच्या महिन्यांत दुखणं वाढल्यासारखं का वाटतं, याचं उत्तर इथं मिळतं, आणि त्यात कुणाचा कोप लागत नाही.

तरी ‘सोडलं म्हणून भोगतोय’ हा विचार येतोच. केनेथ पार्गामेंट या मानसतज्ज्ञाच्या १४ प्रश्नांच्या प्रश्नावलीत अर्धे प्रश्न याच बाजूचे आहेत: देव शिक्षा करतोय का, त्यानं मला टाकलं का. असं वाटणाऱ्यांची तब्येत आणि मन दोन्ही जास्त ढासळलेलं आढळतं. वर्गातला विचारांचा तक्ता यासाठी वापरता येतो, फक्त तो नेमका भरायला हवा. पहिल्या रकान्यात प्रसंग: ‘रात्री दोनला पाय धरला.’ दुसऱ्यात विचार, जसा आला तसा: ‘ही शिक्षा आहे.’ तिसऱ्यात दोन तारखा: दुखणं सुरू झालं ती आणि प्रार्थना थांबली ती. बऱ्याच जणांच्या तक्त्यात दुखण्याची तारीख आधीची निघते, आणि पुष्कळांना इतकंच पुरतं. उलट निघाली तर चौथ्या रकान्यात त्या काळात झोप, काम, औषधं, हालचाल यांत काय बदललं ते लिहायचं. नुसतं ‘असा विचार करू नका’ म्हणणारा समुपदेशक इथं निरुपयोगी.

आता खटकणारं. या वर्गांचा मोठा भाग ‘अ‍ॅक्ट’ नावाच्या मानसोपचार पद्धतीवर चालतो आणि तिचा आवडता शब्द ‘स्वीकार’. धर्मातून बाहेर पडलेल्या माणसाला तो ‘त्याची इच्छा म्हणून मुकाट सोस’ असाच ऐकू येतो. पद्धतीचा अर्थ तो नाही. दुखणं जाईपर्यंत जगणं थांबवून ठेवायचं नाही, एवढाच आहे. पण शब्द अडला की माणूस तिसऱ्या सत्रापासून यायचा बंद होतो. गटप्रमुखाकडे सरळ दुसरा शब्द मागावा. ‘जागा देणं’ चालतं. याच पद्धतीत आपली मूल्यं लिहायचा सराव असतो. तिथं कोरा कागद पुढे आला की जुन्याच नियमांची यादी उतरते: सेवा, त्याग, आज्ञापालन. प्रत्येक ओळीपुढे एक प्रश्न टाकावा: हे कुणाला कधीच कळणार नसेल तरी मी करीन का? उरतात त्या दोन-तीन ओळी घेऊन पुढे जायचं.

ध्यानाच्या सत्राचंही तसंच. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेला, आता आठ आठवड्यांचा असलेला सजगता-अभ्यास मुळात जुनाट दुखणं आणि ताण असलेल्या रुग्णांसाठी होता. रुग्णालयात चालावा म्हणून त्यातला धर्म बाजूला काढला असला तरी मुळं बौद्ध साधनेतलीच. काही शिकवणारे घंटा, हात जोडणं, ‘वैश्विक ऊर्जा’ असं सगळं परत आणतात. नाव नोंदवण्याआधी एक सत्र ऐकायला मागावं आणि तीन गोष्टी विचाराव्यात: शिकवणाऱ्याचं शिक्षण काय, ‘आध्यात्मिक’ नावाचं सत्र आहे का, आणि ते सोडलं तर चालेल का. अर्जातला धर्माचा रकाना रिकामा ठेवता येतो का हेही बघून घ्यावं. समुपदेशक निवडायचा असेल तर सेक्युलर थेरपी प्रोजेक्ट या समुपदेशक शोधून देणाऱ्या अमेरिकन उपक्रमाची पद्धत नजरेसमोर ठेवण्याजोगी आहे. तिथं परवानाधारक आणि उपचारात धर्म न आणणारेच घेतले जातात.

बॉडी स्कॅनची, म्हणजे शरीराच्या एकेका भागावर लक्ष नेण्याच्या ध्यानाची, ४५ मिनिटांची रेकॉर्डिंग सुरुवातीला घेऊ नये. दुखऱ्या जागेवर लक्ष न्यायला सांगितलं की पहिल्या आठवड्यात दुखणं मोठंच वाटतं. दहा मिनिटांची घ्यावी, आणि सुरुवात न दुखणाऱ्या भागापासून, तळहातापासून वगैरे. डोळे मिटल्यावर जुन्या प्रार्थनासभा आठवून घाबरायला होत असेल तर डोळे उघडे ठेवून करावं. फरक पडत नाही.

श्वासाचं अ‍ॅप विकत घ्यायची गरज नाही. पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा. घड्याळाचा काटा पुरतो. हलकं गरगरलं तर श्वास जास्त भरला जातोय, तो लहान करायचा, वेग तोच ठेवायचा. मणी ओढायची सवय बोटांना असेल तर दोरीला गाठी मारून घ्याव्यात. जपमाळच वापरली तरी बिघडत नाही, मणी काही विचारत नाहीत.

टेन्स मशीनबद्दल उत्साह आवरता घ्यावा. त्वचेवरून सौम्य वीज देऊन तेच फाटक मिटवायचं, ही त्यामागची कल्पना. पण ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०२१ च्या मार्गदर्शनात, ज्या जुनाट दुखण्याला दुसऱ्या आजाराचं नीट कारण सापडत नाही अशासाठी, टेन्स देऊ नका असंच म्हटलंय, कारण फायद्याचा पुरावा नाही. तरीही काहींना मशीन चालू असेपर्यंत आराम पडतो, तेव्हा उसनं आणून पंधरा दिवस बघावं. वारंवारता ८० ते १०० हर्ट्झ. पॅड दुखऱ्या जागेच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांना न चिकटवता, तेल-क्रीम नसलेल्या कोरड्या त्वचेवर. शून्यापासून वाढवत जोरदार पण सुसह्य झिणझिण्यांपर्यंत न्यायचं. लोक नुसत्या गुदगुल्यांवर थांबतात आणि मग मशीन कुचकामी म्हणतात. काही मिनिटांनी जाणीव बोथट होते, तेव्हा पुन्हा किंचित वर. पडून राहून लावण्यापेक्षा ती ६ मिनिटं चालताना लावावं, उपयोग तिथं आहे. टोचायला लागलं तर बहुधा पॅडचं जेल वाळलंय आणि वीज एकाच ठिपक्यातून शिरतेय. बोटानं पाण्याचा थेंब फिरवावा, तरी चिकटत नसेल तर पॅड बदलावा. काढण्याआधी मशीन बंद. पेसमेकर असेल तर लावू नये. मानेच्या पुढच्या बाजूला, गरोदरपणी पोटावर, बधिर किंवा फुटलेल्या त्वचेवर आणि गाडी चालवतानाही नाही.

वेदनेची डायरी हे आमच्या मते यादीतलं सर्वांत वाईट उत्पादन. दिवसातून पाच वेळा शून्य ते दहा आकडा विचारणारं अ‍ॅप पाच वेळा दुखण्याकडे बघायला लावतं. आकडा आठवड्यातून एकदा पुरे, बाकी दिवस मिनिटं लिहावीत. आणि ‘मुळापासून बरं’, ‘हमखास’ असं छापलेलं कुठलंही यंत्र दुकानातच सोडावं. नुकताच एक गुरू सोडलेला माणूस दुसरा शोधत असतो, हे विकणाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं.

आशेचं काय? वर्ग ती विकत नाही, पण एक बरा तक्ता देतो. सी. आर. स्नायडर या मानसतज्ज्ञानं १९९१ मध्ये मांडलेल्या पट्टीत आशेचे भाग दोन: वाट दिसणं आणि चालायची उमेद. म्हणून आठवड्याच्या उद्दिष्टाखाली वाटा किमान दोन लिहायच्या. ‘शनिवारी मैत्रिणीला भेटणं.’ वाट एक, चालत जाणं, मध्ये एकदा बसून. वाट दोन, पाय धरला तर तिला घरी बोलावणं. भेट रद्द करणं ही वाट म्हणून लिहायला परवानगी नाही.

गटाचा फायदा खरा आहे, पण उशिरा कळतो. पहिली दोन सत्रं अवघड जातात, कारण कुणीतरी ‘मी रोज प्रार्थना करते, म्हणून निभावतंय’ म्हणतंच. वाद घालू नये, आपली मिनिटं सांगावीत. आठ आठवड्यांनी मात्र गट विरतो, आणि सभेची जुनी जागा दुसऱ्यांदा रिकामी होते. त्यामुळे शेवटच्या सत्राआधी दोघा-तिघांशी ठरलेला वार पक्का करून घ्यावा आणि महिन्या-सहा महिन्यांनी उजळणीचं सत्र आहे का ते विचारावं. ज्या वर्गात ते नाही त्याचा आमच्या लेखी एक गुण कमी.

निकालाची अपेक्षा बेतानं ठेवावी. कॉक्रेन ही संस्था उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासते; तिच्या २०२० च्या आढाव्यात विचार-वर्तन उपचारांचा फायदा दिसला, पण छोटा. दुखण्याचा आकडा फारसा हलत नाही. दुखत असताना काय काय करता येतं त्यातही फरक थोडाच, पण वर्गाचा भर त्यावर असतो. दुखणं एकदम भडकलं तर काय करायचं याचा कागद सातव्या-आठव्या सत्रात लिहून घेतात: कोणती कामं निम्मी करायची, कुणाला फोन, रोजच्या ठरलेल्या मिनिटांवर परत कधी यायचं. तो कपाटाच्या दारावर लावावा. त्याच कागदावर लाल पेननं: लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पायातली ताकद अचानक जाणं, दुखण्यासोबत ताप किंवा कारण नसताना वजन उतरणं, यांपैकी काहीही झालं तर तडक डॉक्टर. जगूच नये असं वाटू लागलं तरी तडक, त्याच दिवशी. गोळ्या मात्र वर्ग चांगला चाललाय म्हणून आपल्या मनानं एकदम बंद करू नयेत; अफूवर्गीय, गॅबापेंटिन आणि नैराश्यावरच्या गोळ्या डॉक्टरच्या सल्ल्यानं हळूहळूच उतरवायच्या असतात.