रेडिस पडला तर: थेट डेटाबेस की जुनी प्रत?

रेडिस म्हणजे कॅशे: वारंवार लागणारी माहिती डेटाबेसच्या आधी हाताशी ठेवणारी जागा. ती बंद पडल्यावर वाचकाची विनंती सरळ डेटाबेसकडे वळवायची, की अ‍ॅप सर्व्हरच्या मेमरीतली जुनी प्रत द्यायची, असा पेच एका मित्रापुढे आहे.

आधी भार पाहा. हिट-रेट (कॅशेमधूनच भागणाऱ्या विनंत्यांचं प्रमाण) ९५ टक्के असेल, तर एरवी शंभरातल्या ५ विनंत्या डेटाबेसपर्यंत जातात. रेडिस पडताच सगळ्या शंभर, म्हणजे २० पट. कनेक्शन पूल (डेटाबेसशी एका वेळी ठेवता येणाऱ्या जोडण्यांचा साठा) संपतो आणि अख्खी साइट झोपते. जुन्या प्रतीत हा धोका बराच कमी, पण दोन सर्व्हर वेगवेगळं उत्तर देऊ शकतात.

मेहनत पहिल्या पर्यायात, म्हणजे थेट डेटाबेसमध्ये, कमी. टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मुदत) मात्र दोन्हींत छोटा हवाच, नाहीतर प्रत्येक विनंती मेलेल्या रेडिसपाशी अडकते.

कमी वर्दळीची साइट, शिल्लक साठा, खात्यातली रक्कम: डेटाबेस. बातम्या, गर्दीचं मुख्य पान: जुनी प्रत.