गहुंजे स्टेडियम: खुर्ची उत्तम, बाकीचं आपलं आपण बघायचं

पुण्यात आंतरराष्ट्रीय सामना आहे असं म्हणतात, तेव्हा तो मावळात असतो. महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं स्टेडियम गहुंजे गावात आहे, मुंबईचा द्रुतगती मार्ग सुरू होतो त्याच्या तोंडाशी. पुणे महापालिकेचा इथे संबंध नाही. हिंजवडी, माण, मारुंजी, जांबे, नेरे, सांगवडे आणि गहुंजे ही सात गावं पिंपरी-चिंचवडमध्ये घ्यायची, हा प्रस्ताव वर्षानुवर्षं चर्चेत आहे. सामना बघणाऱ्याला या हद्दीच्या भानगडीत कशाला पडायचं, असं वाटेल. पण रात्री साडेअकराला चाळीस हजार माणसं एका अरुंद रस्त्यावर उतरतात, तेव्हा शहराबाहेर असणं म्हणजे काय ते कळतं.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे. स्टेडियमचा आराखडा हॉपकिन्स या ब्रिटिश वास्तुरचनाकारांचा. लॉर्ड्सचा माउंड स्टँडही त्यांचाच. २०१२ पासून इथे आयपीएल आणि आंतरराष्ट्रीय सामने होऊ लागले. कटोऱ्यासारखी रचना असल्याने जवळजवळ कुठूनही पूर्ण मैदान दिसतं. भारतातल्या जुन्या मैदानांवर खांब, जाळी आणि पुढच्याची मान यांतून सामना बघायची सवय असलेल्याला हा फरक पहिल्याच षटकात जाणवतो. पलीकडे डोंगररांग दिसते, आणि मैदानाच्या एका टोकाचं नावच हिल एंड आहे. दुसरं पॅव्हेलियन एंड.

तिकीट काढताना स्टँडच्या किमतीपेक्षा दिशा बघा. पॅव्हेलियन दक्षिणेला आहे. खेळपट्टी दक्षिण-उत्तर असल्यामुळे गोलंदाजाच्या हाताच्या रेषेत बसायचं तर साउथ किंवा नॉर्थ, आणि त्यातही वरच्या रांगा. चेंडू किती वळला, कुठल्या टप्प्यावर पडला हे तिथूनच कळतं. ईस्ट आणि वेस्टला बसलेल्यांना फटका छान दिसतो, स्विंग मात्र मोठ्या पडद्यावर बघावा लागतो. अगदी खालच्या रांगा सीमारेषेवरच्या खेळाडूला हाका मारणाऱ्यांसाठी ठीक. तिथून पलीकडच्या बाजूला गेलेला झेल नीट समजत नाही.

आता ऊन. पॅव्हेलियनच्या बाजूला छत आहे, पण बहुसंख्य प्रेक्षकांच्या डोक्यावर काहीच नाही. त्यामुळे सामना कधी सुरू होतो यावर स्टँड ठरवावा. दुपारी दीड-दोनला सुरू होणाऱ्या एकदिवसीय सामन्यात ईस्ट स्टँड म्हणजे सूर्यास्तापर्यंत तोंडावर ऊन. ऑक्टोबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे अख्खा पहिला डाव डोळ्यांवर हात. वेस्टला तेच ऊन पाठीवर येतं आणि चारनंतर हळूहळू उतरतं. कसोटीला गणित उलटतं: सकाळी साडेनऊला वेस्टवाल्यांच्या डोळ्यांत सूर्य, जेवणानंतर ईस्टवाल्यांच्या. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जात असल्याने नॉर्थला बसणाऱ्यांनी दुपारी टोपी विसरू नये. साउथला सावली जास्त मिळते, म्हणून ती तिकिटं आधी संपतात. संध्याकाळी सातच्या टी-ट्वेंटीला हा सगळा विचार सोडा आणि सरळ हाताच्या रेषेत बसा.

टोपी कापडाची असावी. छत्री, पाण्याची बाटली, पॉवर बँक, मोठी पिशवी यांना तपासणीत सहसा आत सोडत नाहीत, आणि बाहेर सामान ठेवायची खात्रीची सोय नसते. दुचाकीवाल्यांनी हेल्मेटचा विचार घरूनच करून निघावं, कारण गेटवर तो केला तर उशीर झालेला असतो.

पाणी हा या स्टेडियमचा जुना दुखरा विषय. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीच्या पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत प्रेक्षकांसाठीचं पाणी संपलं, उन्हात बसलेल्या लोकांनी घोषणा दिल्या आणि असोसिएशनला माफी मागावी लागली. कारण साधं आहे. बाटली बाहेर ठेवायला लावली की हजारो माणसांची तहान आतल्या नळ-कॅनवर येते. ती सगळी एकाच वेळी, म्हणजे सुट्टीच्या चाळीस मिनिटांत, खाली उतरतात. टँकर वाहतुकीत अडकला की साखळी तुटते. उपायही साधा: सुट्टीची वाट न बघता पेयपानाच्या विश्रांतीआधी दहा मिनिटं, विकेट पडायची शक्यता कमी वाटते अशा षटकात, खाली जाऊन पाणी पिऊन या. (तेव्हाच विकेट पडते, हे मान्य.) दिवसभराच्या सामन्याला आदल्या रात्रीपासून पाणी पीत राहणं आणि सकाळी पोटभर खाऊन निघणं हे आतल्या कुठल्याही स्टॉलपेक्षा भरवशाचं. आतलं खाणं पोटाला आधार म्हणून घ्यावं, चवीच्या आशेने नाही.

पण या पाण्याला मोठी बाजूही आहे. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले आणि पुण्याच्या संघाला विशाखापट्टणमला जाऊन ‘घरचे’ सामने खेळावे लागले. २०१८ मध्ये कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचे सामने इथे आले, तर इकडे मैदानासाठी पवनेचं पाणी वापरायला न्यायालयाने मनाई केली. एका नदीवरून पळालेले सामने दुसऱ्या नदीच्या वादात येऊन पडले. आणि पवनेचं पाणी मावळात हळवा विषय आहे. पिंपरी-चिंचवडला बंद नळातून पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. त्यानंतरच्या निवडणुकांत मावळच्या प्रचारात हा मुद्दा डोकं वर काढतो. त्याच खोऱ्यात हिरवंगार मैदान राखायचं तर प्रश्न विचारले जाणारच, आणि विचारायलाही हवेत. जूनमध्ये उलटी तऱ्हा. महाराष्ट्र प्रीमियर लीग नेमकी पावसाच्या तोंडावर असते. २०२३ चा पहिलाच अंतिम सामना पावसाने धुऊन नेला आणि गुणतक्त्यात वर असलेल्या रत्नागिरी जेट्सना विजेते ठरवलं. जूनमध्ये जाणार असाल तर रेनकोट खिशात हवाच, कारण बहुतेक स्टँडना पावसातही छत नाहीच.

पोचायचे मार्ग तीन, आणि तिन्हींचे त्रास वेगळे.

कोथरूड, वारजे, बाणेर, औंध इथून चांदणी चौक किंवा बाणेरला बायपास पकडून वाकड, पुनावळे, रावेत, किवळे, मामुर्डी. एरवी पाऊण तासाचा रस्ता. संध्याकाळच्या सामन्याला मात्र भूमकर चौकात हिंजवडीची आयटी सुटलेली असते. सातच्या सामन्यासाठी साडेतीनपर्यंत वाकड ओलांडलं तर बरं, साडेपाचनंतर राष्ट्रगीत चुकतं. किवळ्यापाशी फलक नीट वाचा. चुकून द्रुतगती मार्गावर चढलात तर स्टेडियम शेजारून सरकताना दिसतं आणि परत फिरायला उर्स्याच्या टोलनाक्याकडे जावं लागतं. दुचाकीला त्या मार्गावर बंदीच आहे.

शिवाजीनगर, पिंपरी, चिंचवडकरांना जुना हायवे: निगडीचा भक्ती-शक्ती चौक, मग देहूरोड, मग आत. मेट्रो स्वारगेटपासून पिंपरीला महापालिकेपर्यंत येते, पण पुढचा टप्पा रस्त्यानेच गाठावा लागतो. मोठ्या सामन्यांना पीएमपी खास बस सोडते. २०२३ च्या विश्वचषकात त्या मनपा भवन, कात्रज आणि निगडीहून होत्या. बस हा माझ्या मते सगळ्यांत शहाणा पर्याय, एका अटीवर: उतरताना परतीची बस नेमकी कुठे उभी राहणार हे कंडक्टरला विचारून घ्यायचं. रात्री सगळ्या बस सारख्याच दिसतात.

लोणावळा लोकलने देहूरोड किंवा बेगडेवाडी. दोन्हींपासून स्टेडियम चार-पाच किलोमीटर. कसोटीसाठी ही युक्ती उत्तम, कारण खेळ साडेचार-पाचला संपतो आणि परतीच्या गाड्या असतात. दिवस-रात्र सामन्याला लोकलच्या भरवशावर जाऊ नका.

पार्किंग बहुतेक शेतांतून असतं. कोरड्या दिवसांत धूळ, एक सर पडली की काळ्या मातीत चाक रुततं. गाडी लावताना तोंड बाहेरच्या दिशेला करून लावा, आत शिरण्याच्या घाईत कोपऱ्यात कोंबू नका. गाडीजवळून लोकेशन सेव्ह करा आणि तिकिटाचा स्क्रीनशॉट घरूनच काढून घ्या. गेटजवळ हजारो फोन एकाच टॉवरवर लटकलेले असतात आणि नेट ऐन वेळी फिरत बसतं. सामना संपल्यावर गेटवर उभं राहून कॅब बोलावणंही व्यर्थ. चालक आत येऊ शकत नाही, आला तर निघू शकत नाही, म्हणून फेरी रद्द करतो. जुन्या हायवेपर्यंत चालत जाऊन मग बोलवा.

एवढं करून आपण कोणाच्या बाजूने ओरडायला जातो, हा प्रश्न उरतो आणि तो या मैदानाचा खरा उणा भाग आहे. स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमला पेठांमधून माणसं चालत जायची. तिथेच १९९६ च्या विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडिजला हरवलं. जागा महापालिकेची, क्रिकेट असोसिएशनचं, त्यामुळे कुरबुरी असत. २००५ नंतर तिथे आंतरराष्ट्रीय सामना झाला नाही. गहुंजेला स्वतःची जागा मिळाली, पण टिकणारा संघ मिळाला नाही. पुणे वॉरियर्स २०१३ नंतर गेले, आणि मैदानाला मिळालेलं सहारांचं नावही पुढे उतरलं. रायझिंग पुणे दोन मोसमांपुरते आले, २०१७ ची फायनल मुंबईकडून एका धावेने हरले आणि संपले. पुढच्या वर्षी पिवळे शर्ट घालून चेन्नईहून खास रेल्वेने लोक आले आणि स्टेडियम पहिल्यांदा खऱ्या अर्थाने घरचं वाटलं, फक्त घर दुसऱ्यांचं होतं. पुण्याने आजवर सांभाळलेला संघ पुणेरी पलटण आहे, २०२४ चे कबड्डी विजेते. पुण्यात असले तर त्यांचे सामने बालेवाडीत होतात, आणि तिथे डोक्यावर छत आहे.

रणजीत तर एका राज्याचे तीन संघ: मुंबई, विदर्भ आणि उरलेला तो महाराष्ट्र. विदर्भाने २०१७-१८ पासून तीनदा करंडक नेला, तर महाराष्ट्राचे दोन्ही करंडक स्वातंत्र्याआधीचे, १९३९-४० आणि १९४०-४१. वेगळ्या विदर्भाच्या मागणीवर विधानसभेत जे झालं नाही ते क्रिकेटने केव्हाच करून टाकलं आहे. असोसिएशनच्या खुर्च्यांवर राजकारणी असणं हेही आता कोणाला खटकत नाही. २०२३ मध्ये रोहित पवार अध्यक्ष झाले, आणि याच मैदानावर इंग्लंडविरुद्ध ७६ चेंडूंत १२० ठोकणारा केदार जाधव २०२५ मध्ये भाजपमध्ये गेला. माझं म्हणणं एवढंच की यांपैकी जो कोणी ईस्ट आणि वेस्टवर छत घालेल, त्याच्या पक्षाचा रंग प्रेक्षक विचारणार नाहीत.

कुठला सामना निवडावा? पहिल्यांदा जाणाऱ्याने हिवाळ्यातला टी-ट्वेंटी घ्यावा. ऊन नाही, रात्री चांगला गारवा असतो, स्वेटर मात्र हवा. दव पडलं की दुसऱ्या डावात फिरकीवाल्याच्या हातात चेंडू टिकत नाही, त्यामुळे नाणेफेकीकडे लक्ष ठेवा. जाणकारांसाठी कसोटी, कारण इथल्या खेळपट्टीने फिरकीला वेळोवेळी भरभरून दिलं आहे. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने ७० धावांत १२ बळी घेतले आणि खेळपट्टीला ‘खराब’ शेरा मिळाला, २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या सँटनरने १३ घेतले. दोन्ही वेळा भारत हरला. कसोटीला शुक्रवार-शनिवार धरा, रविवारच्या भरवशावर राहू नका: ओकीफ आणि सँटनर, दोघांनीही तिसऱ्या दिवशीच काम संपवलं होतं. आणि ज्याला निव्वळ मैदान बघायचं आहे त्याने रणजी सामना गाठावा. गर्दी नाही, कोंडी नाही, सावली सरकेल तसं आपणही सरकायचं.

परतीला दोनच वेळा चालतात. एक तर निकाल उघड झाल्यावर, शेवटून तिसऱ्या-चौथ्या षटकात उठायचं. नाहीतर बक्षीस समारंभ संपेपर्यंत खुर्चीत बसून राहायचं आणि तासाभराने गाडीकडे जायचं. मधल्या वेळेत निघालेला माणूस मामुर्डीच्या रस्त्यावर तेवढाच तास इंजिन चालू ठेवून घालवतो.