फिन्स घेताना: फुल-फूट की ओपन-हील?

फिन्स म्हणजे पाण्यात पोहताना पायात घालायची रुंद पाती. बुटासारखे अख्ख्या पायात बसणारे फुल-फूट फिन्स हलके असतात, अनवाणी घालता येतात आणि पायाचा जोर थेट पात्यात उतरतो. एका श्वासावर बुडी मारणारे लांब पात्याचे फिन्स वापरतात, तेही बहुतेक याच जातीचे. अडचण मापाची. सैल झाले तर टाच सोलवटते, घट्ट झाले तर पायात गोळे येतात, आणि आवळायला पट्टा नाही.

ओपन-हील फिन्स टाचेकडे उघडे असतात; ते निओप्रीनच्या (जाड, मऊ रबराच्या) बुटांवर चढवून टाचेमागच्या पट्ट्याने आवळायचे. जड, महाग (बुटांचा खर्च वेगळाच), पण मालवणच्या खडपावरून, धारदार कालवं चुकवत पाण्यात उतरायचं असेल तर दुसरा विचार नको. थंड पाण्यातही हेच. पट्टा मात्र स्प्रिंगचा घ्या; रबरी पट्टा तुटतो तो नेमका होडीवर, उडी मारायच्या वेळी!

तारकर्लीच्या कोमट पाण्यात होडीवरून उतरणाऱ्याला फुल-फूटही चालतात. पण पाठीवर सिलिंडर घेऊन प्रवाहात पोहायचं तर पातं ताठ आणि रुंद हवं, आणि तशी पाती ओपन-हीलमध्ये जास्त मिळतात. स्कूबा शिकणार असाल तर मी तेच सुचवेन. नुसतं स्नॉर्कलिंग (नळीतून श्वास घेत पाण्यावर तरंगणं) करायचं असेल तर ओपन-हीलवर पैसे घालवू नका.