ट्रॅकवरची स्विफ्ट, कॅम्बर बोल्ट आणि आतून खाल्लेले टायर: वापरानंतरचा अनुभव

माझी स्विफ्ट एरवी रत्नागिरीत रोजच्या कामाला असते आणि सवड मिळाली की कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवे या रेस ट्रॅकवर जाते. पुढच्या स्ट्रटला (चाक धरणाऱ्या शॉकअबच्या खांबाला) कॅम्बर बोल्ट, म्हणजे चाकाचा उभा कल बदलता येणारे बोल्ट, बसवल्याला आता कोकणातला एक पूर्ण पावसाळा आणि उन्हाळा झाला, म्हणून सविस्तर लिहितोय.

बोल्ट लावण्याआधी पुढच्या टायरची बाहेरची कड गोटा व्हायची आणि आतली कड जवळपास नवी राहायची. वळणात गाडी कलते, भार घेणाऱ्या चाकाचा माथा बाहेर झुकतो आणि टायर कडेवर उभा राहतो. आता दोन्ही बाजूंना उणे दोन अंशांच्या आसपास कॅम्बर आहे, म्हणजे चाकाचा माथा तेवढा आत कललेला आहे. टायर रुंदीभर सारखा झिजतो आणि वळणात शिरताना नाक बाहेर पळत नाही. ट्रॅकसाठी हा खर्च मी पुन्हा करेन.

टायर आतून खाल्ला की बहुतेक जण कॅम्बरला दोष देतात. माझ्या मते खरा खाणारा टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकाची पुढची बाजू सरळ रेषेपासून आत किंवा बाहेर वळलेली असणं. चाकाला पाव अंश टो असेल, तर हिशेबाने ते दर किलोमीटरला चार मीटरहून जास्त आडवं घासत जातं. म्हणजे रत्नागिरीहून आंबा घाटातून कोल्हापूर गाठेपर्यंत अर्धा किलोमीटर! उणे कॅम्बरमुळे आतल्या कडेवर आधीच भार असतो, त्यात टो-आउट (चाकाची पुढची बाजू बाहेर वळलेली) आला की ती कड बघता बघता संपते. महामार्गावरच्या एका खड्ड्यानंतर माझ्या डाव्या चाकाचं नेमकं हेच झालं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. ट्रेडवरून (टायरच्या नक्षीवरून) आडवा हात फिरवल्यावर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत लागलं, तेव्हा कळलं. टो शून्यावर आणला आणि झीज आटोक्यात आली. कॅम्बरला हातही लावला नव्हता.

अलाइनमेंटवाल्याकडे उभे राहून काम करून घ्या. कॅम्बर हलवला की टो हलतोच, म्हणून आधी कॅम्बर आणि शेवटी टो. चारही टायरांत ठरलेली हवा आणि चालकाच्या सीटवर तुमच्याएवढं वजन हवं. स्क्रीनवर सगळं हिरवं दिसलं की काम झालं, असं मानणारे पुष्कळ आहेत. तो हिरवा पट्टा कंपनीच्या मापांचा असतो, ट्रॅकच्या नव्हे. आधीची आणि नंतरची छापील मापं मागून घ्या. मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच आडवा दांडा) असल्यामुळे तिथे सहज फिरवण्यासारखं काही नाही.

आपल्याकडची खरी डोकेदुखी खारी हवा. टाय रॉडचा (स्टिअरिंग चाकाशी जोडणाऱ्या, टो बदलायच्या दांड्याचा) लॉक नट गंजून असा बसतो की पान्याला दाद देत नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर आटे साफ करून ग्रीस लावतो. कॅम्बर बोल्टवर रंगाची रेघ ओढली आहे, बोल्ट सरकला तर लगेच दिसतो.

टायर गरम झाले की हवा वाढते, त्यामुळे ट्रॅकवर प्रत्येक सेशननंतर हवा मोजून जास्तीची काढतो आणि परतीच्या प्रवासाआधी पुन्हा भरतो. आतल्या कडेची खोली वेगळी मोजा. मधला ट्रेड चांगला दिसला तरी कडेला झिजेची 1.6 मिलिमीटरची खूण उघडी पडलेली असू शकते, आणि जुलैच्या पावसात पाणी कापायला तीच कड लागते. ट्रॅकवर जायचंच नसेल तर हे बोल्ट घेऊ नका. रोजच्या गाडीला टो नीट ठेवणं पुरतं.