नगराध्यक्षाच्या विरोधात उभं राहायचंय: डायरेक्ट खुर्ची की आधी प्रभाग?

डिसेंबर २०२५ चे नगरपरिषदांचे निकाल लागले आणि आठवड्याभरात एका मित्राचा फोन, हार्डवेअरचं दुकान आहे त्याचं, "दादा पुढच्या टायमाला मी नगराध्यक्षाला उभा राहतो, ह्या माणसाला पाडायचंच." म्हणलं बरं, पण आधी बसून बोलू. तेव्हा त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण असा विचार करणारे प्रत्येक नगरपरिषदेत दोन-चार तरी असतात. महानगरपालिकेचं गणित वेगळं, तिथं महापौराला नगरसेवक निवडतात. गोव्यात तर नगरपालिकेतसुद्धा नगरसेवकच नगराध्यक्ष निवडतात, त्यामुळे तिथं खुर्ची पाडायची तर सभागृहातच माणसं फोडावी लागतात. आपल्याकडे महाराष्ट्रात सध्या नगराध्यक्ष थेट जनतेतून, म्हणून हा प्रश्न पडतो.

रस्ते दोन. एक, सरळ नगराध्यक्षपदाला अर्ज. दुसरा, आपल्या प्रभागातून नगरसेवक व्हायचं आणि पाच वर्षं सभागृहात बसून नगराध्यक्षाला घाम फोडायचा.

पैशाचं आधी उरकून टाकतो. २०२५ ला राज्य निवडणूक आयोगानं जी खर्चमर्यादा दिली ती 'क' वर्ग म्हणजे छोट्या नगरपरिषदेत नगराध्यक्षाला साडेसात लाख आणि नगरसेवकाला अडीच लाख, 'ब' वर्गात सव्वाअकरा आणि साडेतीन, 'अ' वर्गात पंधरा आणि पाच. म्हणजे साधारण तिप्पट. कागदावरचं आणि खरं ह्यात किती फरक असतो ते मी लिहायची गरज नाही. पण पैशापेक्षा मोठा फरक पायपिटीचा आहे. समजा गावात २५ हजार मतदार आणि १० प्रभाग, तर एका प्रभागात अडीच हजार, म्हणजे सहाशे-सातशे घरं, एकटा माणूस महिन्याभरात प्रत्येक दारात दोनदा जाऊ शकतो. अख्ख्या गावाला ते जमत नाही, तिथं प्रत्येक प्रभागात आपला माणूस लागतो, आणि तो माणूस कुठून येतो? नगरसेवकाच्या उमेदवारांतून. म्हणजे नगराध्यक्षाला उभं राहायचं तरी प्रभागाला दोन धरून वीस जणांचं पॅनल आलंच. हे आमच्या हार्डवेअरवाल्याच्या डोक्यातच नव्हतं.

आता ज्या दोन गोष्टी आपल्या हातात अजिबात नाहीत त्या. पहिली आरक्षणाची सोडत. मागच्या वेळी नगराध्यक्षपदाची सोडत ६ ऑक्टोबरला मंत्रालयात निघाली आणि मतदान २ डिसेंबरला, मध्ये दोन महिनेसुद्धा नाहीत. तुम्ही चार वर्षं गाव बांधलं आणि चिठ्ठी निघाली सर्वसाधारण महिला, तर झालं. मग रातोरात सौ.चा फोटो बॅनरवर मोठा आणि साहेबांचा हात जोडून बाजूला, हे आपण सगळ्यांनी बघितलंय आणि मला ते पटत नाही. बाई स्वतः काम करणारी असेल तर तिचं नाव पहिल्या दिवसापासून लोकांना माहीत पाहिजे. प्रभागातही आरक्षण पडतं, पण तिथं बहुतेक ठिकाणी दोन जागा असतात, शेजारचा प्रभाग असतो, काहीतरी वाट निघते. नगराध्यक्षाची खुर्ची एकच.

दुसरी गोष्ट कायदा. २००१ ला थेट निवड झाली, २००६ ला नगरसेवकांतून, २०१६ ला परत थेट, २०१९ ला सरकार बदललं आणि २०२० ला ती काढली, २०२२ ला परत सरकार बदललं तर परत थेट. पुढच्या निवडणुकीपर्यंत काय असेल ह्यावर मी तरी पैज लावणार नाही. आणि निवड परत नगरसेवकांतून झाली तर ज्यानं फक्त नगराध्यक्षपदाचीच तयारी केली तो बाहेर, आणि ज्याच्याकडे प्रभाग आहे तो आत. नियम कुठलाही येवो, प्रभाग वाया जात नाही. मला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच वाटतो.

मग थेट लढायचंच नाही का? तर तसंही नाही. ह्यात जो जास्त मतं घेतो तो निवडून येतो, निम्म्याहून जास्त मतं लागत नाहीत. २५ हजारांतले १७ हजार मतदान झालं आणि सत्तेतल्या माणसाची हक्काची मतं सात हजार असली (ठेकेदार, बचत गट, घरकुलाचे लाभार्थी, भावकी, सगळं धरून), तर उरलेल्या दहा हजारांत तिघं उभे राहिले की तो झोपून निवडून येतो. एकास एक झालं तर तोच माणूस तीन हजारांनी पडतो. लोक तेच, राग तोच, फक्त उमेदवार किती ह्यावर निकाल. म्हणून मी मित्राला पहिला प्रश्न हा विचारला की बाकीचे दोघं तुझ्यासाठी बसतील का, म्हणजे माघार घेतील का? तो गप्प. मग दुसरा, तू त्यांच्यासाठी बसशील का? त्यावर तर फोन कट व्हायचीच वेळ आली.

एकास एक जमलं की काय होतं त्याचं उदाहरण इस्लामपूर, म्हणजे आताचं ईश्वरपूर. २०१६ ला तिथं जयंत पाटलांच्या राष्ट्रवादीची वर्षानुवर्षांची सत्ता होती, आणि भाजप, शिवसेना वगैरे विरोधक विकास आघाडी म्हणून एकत्र आले, निशिकांत पाटील थेट नगराध्यक्ष झाले. पण पुढचं ऐका, सभागृहात राष्ट्रवादीचे नगरसेवक विकास आघाडीपेक्षा जास्त. कराडलाही त्याच वर्षी नगराध्यक्षा भाजपच्या आणि बहुमत जनशक्ती आघाडीचं. अशा वेळी खुर्ची तुमची, गाडी तुमची, पण विषयपत्रिकेवरचा विषय मतदानाला आला की हात दुसरीकडेच जास्त वर होतात. वर मुख्याधिकारी शासनाचा, तो नियमावर बोट ठेवणार. पाच वर्षं "करू देत नाहीत हो" सांगण्यात जातात आणि लोकांना ते कारण पटत नाही. ईश्वरपूरला २०२५ ला शरद पवारांच्या राष्ट्रवादीनं नगराध्यक्षपद परत घेतलं. म्हणजे पॅनल कच्चं ठेवून फक्त वरची जागा जिंकण्यातही फार अर्थ नाही.

हरलात तर काय, हे कोणी विचारतच नाही. थेट निवडणुकीत दुसऱ्या नंबरला काही मिळत नाही. ४५ टक्के मतं घेऊनसुद्धा तुम्ही दुसऱ्या दिवशी सभागृहाच्या बाहेर, फार तर आपल्या गटाला पुरेसे नगरसेवक मिळाले आणि अटीत बसत असलात तर स्वीकृत, म्हणजे मतदानाशिवाय नेमलेला नगरसेवक म्हणून घेतील. उलट प्रभागातून निवडून आलेला एकटा विरोधी नगरसेवकसुद्धा सर्वसाधारण सभेत बोलू शकतो, इतिवृत्ताची नक्कल मागू शकतो, लेखापरीक्षणातले आक्षेप वाचून दाखवू शकतो, त्याचा विरोध नोंदवला जातो. माझ्या बघण्यातला एक जण असाच होता, फार हुशार नाही, पण प्रत्येक सभेला टेंडरची फाईल मागायचा, न चुकता, आणि तीन वर्षांनी लोक त्यालाच विरोधी पक्ष म्हणायला लागले, खरा पक्ष कुठला होता ते लोक विसरलेसुद्धा.

चिन्हाचं थोडं. पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचा कागद, शेवटच्या दिवशी दुपारी कोणाच्या खिशातून निघेल सांगता येत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर सगळं ठेवू नका. अपक्ष जायचं तर २०२५ चं वेळापत्रक बघा, चिन्हवाटप २६ नोव्हेंबरला, मतदान २ डिसेंबरला. सहा दिवसांत कपबशी का शिट्टी ते अख्ख्या गावाच्या डोक्यात बसवायचं. एका प्रभागात जमतं, मी स्वतः अपक्षाचा बूथ एजंट राहिलोय, आम्ही दारोदार चिन्हाचा कागद वाटून जमवलं होतं. अख्ख्या गावात मला कठीण वाटतं. मधला रस्ता स्थानिक आघाडी, आयोगाकडे वेळेत नोंदवलेली. संगमनेरला २०२५ ला थोरात-तांबे मंडळींनी, म्हणजे तिथल्या जुन्या सत्तेतल्याच लोकांनी, काँग्रेसचा हात बाजूला ठेवून सेवा समिती म्हणून लढवलं आणि जिंकलं. म्हणजे आघाडीची कल्पना तुमच्या एकट्याच्या डोक्यात नाहीये, समोरचाही तीच वापरू शकतो.

प्रचारात काय बोलायचं तर माणसावर नको. "तो खातो" हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी मतं देतात. पाणी किती दिवसाआड येतं, घंटागाडी कुठल्या गल्लीत जात नाही, चतुर्वार्षिक करआकारणीत कोणाची घरपट्टी किती वाढली ह्याचे आकडे घेऊन बसा. नवीन घरपट्टीच्या नोटिसा आल्या की लोक स्वतःहून नगरपरिषदेत जातात, हरकती घेतात, तेव्हा तिथं त्यांचा अर्ज लिहून द्यायला जो बसतो तो लक्षात राहतो. निवडणुकीच्या वर्षात बसलात तर कळतं लोकांना कशासाठी बसलाय ते.

माझं मत मित्राला स्पष्ट सांगितलं. बाकीचे विरोधक लिहून नाही तर निदान चार लोकांसमोर बसायला तयार असतील, वीसपैकी पंधरा तरी जागांवर खरे उमेदवार असतील आणि सोडत बाजूनं पडली, तर डायरेक्ट लढ. तिन्हीतलं एक जरी नसेल तर प्रभाग. आणि कुठूनही लढलास, जिंकलास किंवा पडलास, निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशोब दे, पडलेले लोक ते विसरतात आणि अपात्र होऊन बसतात.

तो म्हणाला विचार करतो. परवा कळलं की बाकीच्या दोघांपैकी एकाकडे चहाला जाऊन आलाय.